कारंजाच्या बागेतून ढाका

५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता आणि ढाका सोडून दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरल्या, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा, आष्टी आणि आर्वी तालुक्यांत आंबिया बहाराची संत्री झाडावर हिरवीगार होती. हे दिवस फळगळीचे. बागवान सकाळी बागेत शिरतो तो आधी झाडाखाली पाहतो. रात्रीतून किती फळ पडलं ते पायाने सारून बघतो आणि वर किती उरलं त्याचा अंदाज बांधतो. ऑक्टोबरात तोड सुरू होईल तेव्हा व्यापारी काय भावाने बाग मागेल, ते या अंदाजावर ठरतं आणि बांगलादेशचं गिऱ्हाईक चालू आहे की नाही, यावरही ठरतं. म्हणून ढाक्यातली उलथापालथ ही कारंजाच्या माणसाला दूरची बातमी नव्हती.

कारंजावरून जाणारा महामार्ग नागपूर, रायपूर करत थेट कोलकात्याला जातो. पुढे पेट्रापोलची सीमा आणि पलीकडे बेनापोल. नागपुरी संत्रा सैल सालीचा, फार दिवस दम न धरणारा, पण इतका प्रवास तो काढतो. विदर्भाच्या संत्र्याचं सगळ्यांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेशच राहिलं आहे. या गिऱ्हाइकाने २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये आयात शुल्क लावलं आणि ते वाढवत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेलं. बागेत शेतकऱ्याच्या हातात किलोला जे पडतं त्याच्या कितीतरी वर हे शुल्क जातं. निर्यात आटली, माल देशातल्याच बाजारात साचला आणि भाव बसले. राज्य सरकारने शुल्काचा निम्मा बोजा, म्हणजे किलोला ४४ रुपये, उचलण्याची घोषणा केली. दुखणं ढाक्यात आणि मलम मुंबईत, अशाने फार काळ भागत नाही.

यातली तारीख लक्षात घेतली पाहिजे. शुल्काची ही सगळी चढण हसीना यांच्या कारकिर्दीत झाली. दिल्ली आणि ढाका आपल्या संबंधांना सुवर्ण अध्याय म्हणत होते, त्याच वर्षांत आमच्या बागा तोट्यात गेल्या. बांगलादेशाला डॉलरची चणचण होती हे खरं. आपणही २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद करून त्यांच्या बाजारात महागाई भडकवली, हेही खरं. कांद्याचा राग संत्र्यावर निघाला, असं इकडचे बागायतदार उघड बोलतात. कारण काहीही असो, सत्तेतल्या एका व्यक्तीशी असलेली जवळीक नाशिकच्या कांद्याच्या किंवा वर्ध्याच्या संत्र्याच्या कामी आली नाही. जवळीक होती ती सुरक्षा आणि राजकारणापुरती.

आणि नेमकी हीच जवळीक २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या अंगाशी आली. बांगलादेशातल्या ७ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता. तरी दुसऱ्याच दिवशी दिल्लीने हसीना यांचं अभिनंदन केलं. जुलैत आरक्षणाच्या प्रश्नावर विद्यार्थी रस्त्यावर आले. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्यांना बळी पडला. तीन दिवसांनी आपल्या परराष्ट्र खात्याने हा बांगलादेशचा अंतर्गत मामला असल्याचं सांगितलं. राजनयाच्या रिवाजाप्रमाणे ते चूक नव्हतं. पण जानेवारीत बोललेला देश जुलैत गप्प बसला, हे त्या मुलांनी पाहिलं. त्या तीन आठवड्यांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. इतकं रक्त सांडल्यावर शेजाऱ्याचं मौन लोक विसरत नाहीत.

हसीना यांची सत्ता गेल्यावर आपल्या सरकारने पहिल्या दिवसांत जे केलं त्याचं श्रेय मात्र द्यायला हवं. तिथे अडकलेल्या आपल्या मुलांना सुखरूप आणणं हे पहिलं काम होतं. बांगलादेशात १९,००० भारतीय असून त्यांतले ९,००० विद्यार्थी आहेत आणि बहुतेक विद्यार्थी जुलैतच परतले, असं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ६ ऑगस्टला संसदेत सांगितलं. सर्वपक्षीय बैठक झाली. सीमेवर आततायीपणा झाला नाही. जीव वाचवायला आलेल्या हसीना यांना आसरा दिला, त्यातही गैर काही नाही. तिथल्या हिंदूंच्या घरांवर आणि देवळांवर हल्ले झाले तेव्हा भारताने बोलायलाच हवं होतं, आणि भारत बोलला. मात्र २ डिसेंबरला आगरतळ्यात बांगलादेशच्या सहायक उच्चायुक्तालयात जमाव घुसला आणि आपल्या बोलण्याचं वजन आपणच कमी केलं. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे जास्त टोचतं. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले ते पुन्हा परतलेच नाहीत. त्या नोव्हेंबरात ते आजच्या बांगलादेशातल्या नोआखालीला गेले, तिथल्या हिंदूंसाठी गावोगाव अनवाणी फिरले. आणि मार्चमध्ये तिथून निघून बिहारला गेले, कारण तिथे मुसलमान मारले गेले होते.

गांधीजींनंतर पवनारचे विनोबाही त्या मुलखात गेले. १९६२ च्या सप्टेंबरात ते आसाममधून पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, शिरले. पाकिस्तान सरकारने परवानगी दिली होती. पंधरवडाभर ते रंगपूर, दिनाजपूर भागातून पायी चालले आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही भूदानात जमिनी दिल्या. तेच रंगपूर, जिथे बासष्ट वर्षांनी अबू सईद पडला. दोन सरकारांत सख्य नसताना वर्ध्याचा एक म्हातारा त्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या अंगणात बसून बोलू शकला. परराष्ट्र खात्याने पदयात्रा काढाव्यात असं कोणी म्हणत नाही. पण ढाक्याच्या सत्ताधाऱ्यांखेरीज तिथले विरोधक, विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी यांच्याशीही आपलं बोलणं हवं होतं. ते पंधरा वर्षांत झालं नाही, ही खरी चूक आहे आणि ती ऑगस्ट २०२४ च्या बरीच आधीची आहे.

नंतर सावरासावर सुरू झाली. आगरतळ्यानंतर आठवड्याभरात परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री ढाक्याला गेले, हे उत्तम झालं. ४ एप्रिल २०२५ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान मोदी आणि बांगलादेशच्या तेव्हाच्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस समोरासमोर बसले. त्यानंतर चारच दिवसांनी भारताने बांगलादेशच्या मालाला आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढून घेतली. सरकारी कारण तिथल्या गर्दीचं होतं, पण युनूस यांनी चीनमध्ये ईशान्य भारताविषयी केलेलं आगाऊ वक्तव्य सगळ्यांनीच आठवलं. १३ एप्रिलला बांगलादेशने भारताचं सूत जमिनीवरच्या ठाण्यांतून घेणं बंद केलं. १७ मे रोजी आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीचा मार्ग बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर एवढंच मोकळं ठेवलं.

वर्धा जिल्हा कापसाचा. भारताच्या सुताचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे. सुताला उठाव नसला की गिरणी रुई कमी घेते. रुई पडून राहिली की जिनिंगवाला हात आखडतो आणि हिंगणघाटच्या यार्डात गाडी लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला क्विंटलमागे कमी भाव ऐकावा लागतो. युनूस यांच्या बीजिंगमधल्या एका वाक्याला दिलेलं उत्तर असं फिरत फिरत शेवटी त्याच्यापाशी येतं. त्याला त्या वाक्याची खबरही नसते. चुकीच्या वक्तव्याला निषेधाने आणि समोर बसून खडसावून उत्तर द्यावं. व्यापाराची वाट त्यासाठी अडवू नये.

आपल्या खासदारांकडे आणि आमदारांकडे मागणी करण्याची हीच वेळ आहे. दिल्ली आणि ढाका यांच्यात व्यापारावर पुढची बैठक होईल तेव्हा विषयपत्रिकेवर संत्र्याचं आयात शुल्क आणि सुताचा जमिनीवरचा मार्ग हे दोन्ही असले पाहिजेत. त्या बदल्यात कांदा एकाएकी बंद करणार नाही, असा शब्द भारताने द्यावा. आर्वी, आष्टी, कारंजाच्या बागायतदारांनी ग्रामसभांचे ठराव करून ते खासदारांच्या हातात द्यावेत, आणि खासदारांनी ते संसदेत वाचावेत. आंबियाची तोड ऑक्टोबरात सुरू होते, हे बोलणं त्याच्या आधी व्हायला हवं.