बोलायला जागा कुठे आहे?

सध्या मतांचा तुटवडा कुणालाच नाही. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलच्या चौथ्या सीटवर, जो तो ठाम. तरी एक साधा प्रश्न स्वतःला विचारून बघा. तुमच्या गावात किंवा शहरात अशी एक तरी जागा आहे का, जिथे कुठल्याही पक्षाचा, संघटनेचा, मंडळाचा नसलेला साधा माणूस, कुणाची परवानगी न घेता, संध्याकाळी उभा राहून आपलं म्हणणं चार अनोळखी माणसांना ऐकवू शकतो? आणि त्या चौघांतला एखादा त्याला मध्येच "थांबा हो, हे कशावरून म्हणता?" असं विचारू शकतो?

मला तरी अशी जागा सापडत नाही. मैदानं आहेत, पण ती भाड्याने मिळतात. चौक आहेत, पण तिथे फ्लेक्स बोलतात. सभागृहं आहेत, पण तिथे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सत्कार, नारळ-शाल आणि शेवटी "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत".

लंडनच्या हाइड पार्कमधला वक्त्यांचा कोपरा आपण सगळे ऐकून आहोत. साबणाचं रिकामं लाकडी खोकं उलटं ठेवायचं, त्यावर चढायचं आणि बोलायला लागायचं. आपल्याकडे त्याचं कौतुक होतं ते "बघा, तिकडे किती स्वातंत्र्य" या सुरात. पण तो कोपरा कुणी राजाने खूश होऊन दिलेला नाही. १८६६ च्या जुलैत मताधिकार वाढवा म्हणून रिफॉर्म लीगने तिथे सभा ठेवली. सरकारने बंदी घातली, फाटकं बंद केली. लोकांनी लोखंडी कठडे उपटले आणि आत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा बंदी, पुन्हा लोक आत, आणि त्यात गृहमंत्र्यालाच राजीनामा द्यावा लागला. मग १८७२ च्या कायद्याने त्या बागेत सभांची सोय झाली. म्हणजे आधी लोकांनी जागा घेतली, मागून कायदा आला.

त्या कोपऱ्याचे दोन गुण आपण विसरतो. एक, तिथे लाऊडस्पीकर चालत नाही. जेवढा गळा, तेवढीच सभा. दुसरा जास्त महत्त्वाचा. समोरचा माणूस बोलणाऱ्याला अडवतो, टोमणा मारतो, पुरावा मागतो. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यासमोरची माणसं निघून जातात. तिथे वक्त्याला पोलिसापेक्षा श्रोत्याची भीती जास्त असते. खरं तर असंच असायला हवं.

आता कुणी म्हणेल, हे विलायती खूळ आपल्याला कशाला? तर हे आपल्याला नवीन नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. व्यासपीठ नाही, सोवळं नाही, बोलावणं नाही. जत्रेत, बाजारात, धर्मशाळेच्या अंगणात उभे राहायचे आणि समोरच्यालाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बोकड का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही. समोरून उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचेच नाहीत. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचा लाल बावटा, ही सगळी आपली खोकीच होती. ज्यांना सभागृहात कुणी बोलावलं नसतं, त्यांनी रस्त्यावर, चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या फाटकाबाहेर आपलं म्हणणं मांडलं. म्हणून तर त्यांच्यावर बंद्या आल्या.

बोलण्याची किंमतही आपल्याला ठाऊक आहे. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावला आणि नगरला स्वराज्यावर मराठीत भाषणं केली. सरकारने त्या भाषणांवरून त्यांच्याकडे वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. वीस हजारांचा जातमुचलका, वर दहा-दहा हजारांचे दोन जामीन. नोटीस हातात पडली ती त्यांच्या साठीच्या वाढदिवशी. उच्च न्यायालयात जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. न्यायाधीशांनी तेव्हा जे तत्त्व लावलं ते आजही कामाचं आहे. भाषण सबंध वाचायचं. मधलंच एखादं वाक्य उचलून माणसाला गुन्हेगार ठरवायचं नाही. आज आठ सेकंदांची क्लिप कापून माणसाची धिंड काढणाऱ्यांनी, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, एवढं एक तत्त्व पाळलं तरी पुष्कळ होईल.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धडा महाडचा आहे. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांना तिथे दुसरी परिषद भरवायची होती. परिषदेला जागा देईना कुणी. शेवटी एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली, तिथे मांडव पडला. चवदार तळ्याचं पाणी नाकारणाऱ्यांना पक्कं कळत होतं की बोलू द्यायचं नसेल तर तोंड दाबायची गरज नाही, पायाखालची जमीन नाकारली की पुरे. बोलण्याचा हक्क हवेत वापरता येत नाही. त्याला चार हात जागा लागते.

आता आजचं बघू.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचं आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचं, अशी दोन्ही स्वातंत्र्यं दिली आहेत. त्यांच्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हेही तिथेच लिहिलंय. पण आपल्या पोलीस कायद्यात, म्हणजे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, कलम ३७ आहे. पेपरात कोपऱ्यात "जिल्ह्यात जमावबंदी लागू" अशी जी बातमी येते ती त्याचीच. या कलमाखाली घोषणा, गाणी, हावभाव, फलक, भाषणं यांवर बंदी घालता येते. जमाव आणि मिरवणुकांवरची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बंधन चांगलं आहे. पण एक हुकूम संपला की दुसरा काढला, असंच वर्षभर चालू राहिलं, तर पंधरा दिवसांच्या त्या मर्यादेला अर्थ काय राहिला? तुमच्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती दिवस जमावबंदी होती, हे माहितीच्या अधिकारात विचारून बघा. उत्तर वाचण्यासारखं असेल.

याच कायद्याखाली एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अहमदाबादमध्ये एका विद्यार्थी संघटनेच्या सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली होती. हिम्मतलाल शहा खटल्यात १९७२ साली घटनापीठाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, वेळ आणि जागा ठरवा, पण "मला वाटलं म्हणून नाही" असा मोकाट अधिकार कुणा अधिकाऱ्याला असता कामा नये. त्यासाठी असलेला नियमच त्यांनी रद्द केला. पन्नास वर्षं होऊन गेली. आज एखाद्या पोलीस ठाण्यात जा आणि "मला रविवारी संध्याकाळी चौकात उभं राहून पाणीपट्टीवर बोलायचंय" असं सांगा. पहिला प्रश्न येईल, "कुठल्या पक्षाचे?" दुसरा येईल, "तुमच्या मागे कोण आहे?" एकटा माणूस स्वतःच्या मनाने बोलायला उभा राहतो, ही गोष्ट आपल्या व्यवस्थेच्या फॉर्ममध्ये बसतच नाही. फार आग्रह धरलात तर एक नोटीस हातात मिळते. पूर्वी तिला १४९ ची म्हणायचे, नव्या संहितेत ती १६८ ची झाली.

"आझाद मैदान आहे की!" हो, आहे. लातूरहून, गडचिरोलीहून, नंदुरबारहून माणसं येतात, ठरवून दिलेल्या तुकड्यात मांडव घालून बसतात. मंत्रालय तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर. पण त्या मांडवात ऐकायला असतं कोण? शेजारच्या मांडवातले दुसरे उपोषणकर्ते, बंदोबस्ताचे पोलीस, आणि नशीब चांगलं असेल तर एखादा कॅमेरा. ज्यांनी ऐकायचं ते गाडीच्या काचा वर करून निघून जातात. मोठा समाज एकत्र आला की सरकार धावत येतं, वाटाघाटी होतात. पण पन्नास कंत्राटी कामगार किंवा विस्थापित झालेली दहा कुटुंबं तिथे महिनाभर बसली तरी शहराला पत्ता लागत नाही.

सिंगापूरने २००० साली हाँग लिम पार्कमध्ये असाच वक्त्यांचा कोपरा काढला. नाव तेच, लंडनचं. पण आधी नाव नोंदवायचं, बोलणारा सिंगापूरचाच नागरिक हवा, आणि धर्म नि वंश या विषयांना हात लावायचा नाही. कोपरा दिला की उरलेलं शहर गप्प ठेवायला मोकळे. आपण नाव हाइड पार्कचं घेतो आणि बांधतो मात्र हाँग लिम पार्क.

गावात तरी बरं आहे का? कायद्याने ग्रामसभा हे हक्काचं व्यासपीठ आहे. वर्षाला किमान चार सभा. त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती. कागदावर यापेक्षा चांगलं काय असणार? पण गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग काय, पहिली सभा मुद्दाम अडनिड्या वेळी ठेवायची, माणसं येत नाहीत, आणि तहकुबीनंतर पंधरा डोकी जमवून सगळे ठराव मंजूर. रजिस्टर नंतर घरोघरी सह्यांना फिरतं. एखादी बाई उठून रोजगार हमीच्या मस्टरबद्दल बोलली की "ताई, तुमचं घरी येऊन ऐकतो" असं म्हणून बसवतात. घरी कुणी येत नाही. आणि शहरवाल्यांनी हसू नये, आपल्याला एवढंही नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर भांडायचं कुणाशी, हाच प्रश्न होता.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत.

पहिला: "मोकळं सोडलं तर कुणीही उठून काहीही बरळेल आणि दंगल होईल." धर्माच्या, जातीच्या नावाने चिथावणी देणं आजही गुन्हा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण त्यासाठी बोलण्याआधी तोंड बंद करायची गरज नाही, बोलल्यावर कारवाई करा. इंग्लंडमध्ये १९९९ साली एक खटला झाला. वेकफिल्डच्या चर्चच्या पायऱ्यांवर तीन बायका धर्माबद्दल बोलत होत्या, जमलेले लोक चिडले, पोलिसांनी बायकांनाच पकडलं. न्यायालयाने सांगितलं, चुकीची माणसं पकडलीत. गर्दीला आवरायचं होतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. चार जण "भावना दुखावल्या" म्हणून दगड हातात घेऊन आले की कार्यक्रम रद्द होतो, म्हणजे दगडवाल्यालाच बक्षीस. आणि गंमत बघा, खरंच चिथावणी देणाऱ्या मोठ्या सभांना परवानगी, बंदोबस्त, वाहतुकीत बदल, सगळं मिळतं. अडतो तो एकटा माणूस.

गर्दी बिघडते, हेही मान्य. २० नोव्हेंबर १९५५ ला गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्राच्या संतापाने उधळली गेली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, माणसं मेली. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण तेव्हाचा मुख्यमंत्री विरोधी मताच्या गर्दीसमोर उभा राहायला गेला होता, हेही विसरू नका. आज श्रोते गाड्या भरून आणतात आणि काळा शर्ट घातलेल्याला आत सोडत नाहीत.

दुसरा आक्षेप आवाजाचा. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं सभांचा गोंगाट सोसला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तिथे शांतता क्षेत्र लागू केलं. त्यांची तक्रार रास्तच होती. पण मी मागतोय ती जागा बिनलाऊडस्पीकरची. भिंतीचे डीजे सहन करणाऱ्या शहराला एका माणसाचा उघडा गळा जड जाऊ नये.

तिसरा: "आता मोबाईल आहे, खोकं कशाला?" मोबाईलवर मीही लिहितोय. पण इथे माझ्यासारखा विचार करणारेच बहुतेक मला वाचणार, न पटणारा पुढे सरकणार किंवा आईबहिणीवरून शिवी देणार. समोरासमोर उभं राहिल्यावर दोघांचीही भाषा बदलते. खोट्या नावाचा मुखवटा नसतो. डोळ्यात बघून खोटं बोलणं अवघड जातं आणि डोळ्यात बघून शिवी देणंही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शहरात, तालुक्याच्या गावात एक जागा, एसटी स्टँड किंवा मंडईजवळ, जिथे माणसांची वर्दळ आहे तिथे. ठरलेले वार, ठरलेली वेळ. लाऊडस्पीकर नाही, फ्लेक्स नाही, परवानगी नाही. बोलणाऱ्याने प्रश्न घेतलेच पाहिजेत. जमावबंदीच्या प्रत्येक हुकुमामागचं कारण जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. आणि ग्रामसभेत विचारलेला प्रश्न नि दिलेलं उत्तर, दोन्ही इतिवृत्तात शब्दशः लिहा.

पहिली मागणी मान्य व्हायला वेळ लागेल. शेवटच्या मागणीला सरकारची वाट बघायची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला कुणीतरी "आता चहा घेऊया" म्हणेल. तेव्हा उभे राहा आणि म्हणा, चहा थांबू द्या, माझा प्रश्न लिहून घ्या.