‘क्लिअर्ड’ : एका शब्दाचे दोन अर्थ आणि ‘पायलट एरर’ नावाची पळवाट

१/ विमान अपघातांवरील बहुतेक धाग्यांचा शेवट दोनच शब्दांनी होतो: ‘पायलट एरर’. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन शब्दांवर समाधान मानू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन अपघातांच्या आधारे ते मांडते. #धागा

२/ आधी थोडी परिभाषा. विमानाने कोणत्या मार्गाने जावे, किती उंची राखावी, केव्हा उतरू लागावे, याची अनुमती हवाई वाहतूक नियंत्रक देतो. तिला ‘क्लिअरन्स’ म्हणतात. वैमानिकाने ती पुन्हा उच्चारून दाखवायची, हा ‘रीडबॅक’. ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे: उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात एकच असतो.

३/ १ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे फ्लाइट ५१४, बोइंग ७२७. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर वाऱ्यामुळे उतरता येईना, म्हणून विमान डलेसकडे वळवले गेले. धावपट्टी सुमारे ४४ सागरी मैल दूर होती आणि विमान ७,००० फुटांवर होते. तेव्हाच नियंत्रकाने अप्रोचची अनुमती दिली. ‘अमुक ठिकाणापर्यंत अमुक उंची राखा’ असे मात्र सांगितले नाही.

४/ वैमानिकांनी त्याचा अर्थ असा लावला: रडारवर आपल्याला पाहणाऱ्या नियंत्रकाने अनुमती दिली, त्या अर्थी खालचा प्रदेश निर्धोक आहे. नियंत्रकाच्या लेखी अर्थ निराळा होता: अनुमती दिली, आता डोंगरांपासून अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकाची. शब्द एक, जबाबदारी मात्र दोघांनीही एकमेकांच्या हवाली केलेली.

५/ विमान १,८०० फुटांकडे उतरू लागले. नकाशावर ही उंची राऊंड हिल हा बिंदू ओलांडल्यानंतरची होती. विमान अजून त्याच्या अलीकडे होते आणि मध्ये व्हर्जिनियातील माउंट वेदरचा डोंगर होता. सुमारे १,६७० फुटांवर विमान त्याला धडकले. विमानातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले.

६/ येथे कोणी म्हणेल, ‘नकाशा तर हातात होता ना?’ होता. राऊंड हिलपर्यंतच्या एका मार्गासाठी छापलेला ३,४०० फुटांचा आकडाही कॅप्टनच्या नजरेस पडला होता. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात त्याचा उल्लेख आहे. तरीही अनुमती मिळाली म्हणजे खाली जाता येते, असाच निर्णय झाला. वैमानिक निर्दोष होते असे मी म्हणत नाही. जाणत्या माणसाने समोरचा आकडा बाजूला का सारला, हा माझा प्रश्न आहे. ‘चूक’ हा शब्द त्याचे उत्तर देत नाही.

७/ चौकशी करणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळातही एकमत झाले नाही. निर्णय ३ विरुद्ध २ असा झाला. बहुमताने विमान लवकर खाली आणण्याचा निर्णय हे कारण मानले. परंतु नियंत्रणाच्या कार्यपद्धतीतील अस्पष्टतेतून तो निर्णय झाला, हेही त्याच परिच्छेदात नोंदवले. उरलेल्या दोघांनी उंचीची मर्यादा न घालणाऱ्या नियंत्रकाची त्रुटी आणि वैमानिकाची त्रुटी शेजारी शेजारी ठेवली. खुद्द मंडळात फूट असताना आपण एका ओळीत निवाडा कोणत्या आधारावर देतो?

८/ याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. या अपघाताच्या सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान याच अप्रोचवर, याच गैरसमजातून, थोडक्यात बचावले होते. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ती सूचना कंपनीबाहेर पोहोचली नाही. ‘पायलट एरर’ म्हणताच हे सहा आठवडे इतिहासातून पुसले जातात.

९/ पुढे नियम बदलले. विमान अप्रोचच्या प्रकाशित मार्गावर येईपर्यंत कोणती उंची राखायची, हे नियंत्रकाने सांगणे आवश्यक झाले. वैमानिक व नियंत्रकांना आपले अनुभव निर्भयपणे कळवता यावेत म्हणून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली स्वतंत्र नोंदणी व्यवस्था सुरू झाली. केवळ ‘वैमानिक चुकला’ असे मानले असते, तर यांतले काहीच घडले नसते.

१०/ पण ही दुरुस्ती उंचीपुरती होती. मार्गाच्या अनुमतीतील संदिग्धता उरलीच. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे फ्लाइट ९६५ मायामीहून कोलंबियातील कालीकडे निघाले होते. तेथील रडार बंडखोरांनी १९९२ मध्ये उद्ध्वस्त केले होते. विमान नेमके कोठे आहे, हे नियंत्रकाला केवळ वैमानिकांच्या सांगण्यावरून कळत होते.

११/ नियंत्रकाने कालीपर्यंत अनुमती दिली आणि वाटेतील तुलुआ येताच कळवा, असे सांगितले. कॅप्टनने रीडबॅकमध्ये ‘थेट काली’ म्हटले. नियंत्रक ‘होय’ म्हणाला. संगणकात ‘थेट काली’ भरताच मधले बिंदू पडद्यावरून गेले, तुलुआसुद्धा. नंतर रोझो या बिंदूसाठी नकाशावरचे ‘आर’ हे अक्षर भरले गेले. संगणकाच्या लेखी ‘आर’ म्हणजे बोगोटाजवळचे रोमिओ. अंधारात विमान डावीकडे डोंगरांच्या दिशेने वळले. १६३ पैकी १५९ जणांचा मृत्यू झाला.

१२/ वैमानिकांच्या मागण्या विसंगत आहेत हे नियंत्रकाच्या लक्षात आले होते. पण ठरावीक शब्दांपलीकडच्या इंग्रजीत ते विचारणे त्याला जमले नाही. कोलंबियाच्या अहवालात संभाव्य कारणे म्हणून नोंदवलेल्या चारही बाबी वैमानिकांच्या वर्तनाविषयी आहेत. संगणकाचे तर्कशास्त्र केवळ ‘साहाय्यक घटक’ ठरले. याउलट २००० मध्ये फ्लोरिडातील ज्युरीने जबाबदारी वाटून दिली: विमान कंपनी ७५ टक्के, माहितीसंच पुरवणारी जेपेसन १७ टक्के, संगणक बनवणारी हनीवेल ८ टक्के. अपघात एकच; प्रश्न बदलताच उत्तर बदलले.

१३/ पानिपताच्या पराभवाचे खापर एकाच माणसावर फोडणारा लेख आपण उथळ म्हणून बाजूला ठेवतो. मग विमान अपघाताला निराळा न्याय का? मृत वैमानिक आपली बाजू मांडू शकत नाही, एवढ्याने त्याच्यावर ठेवलेला दोष सिद्ध होत नाही.

१४/ म्हणून यापुढे ‘पायलट एरर’ वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. अनुमतीचे नेमके शब्द काय होते? त्यांचा अर्थ कोणी काय लावला? आणि हाच गैरसमज आधी कोणाचा झाला होता, व त्याची नोंद कोणाच्या टेबलावर पडून राहिली? या तिन्हींची उत्तरे नसलेला धागा अर्धवट समजावा, मग तो कितीही वेळा रीपोस्ट झालेला असो.

(धागा समाप्त)