मधुकर पिचड : सत्तेतील प्रतिनिधित्व आणि अपुरे राहिलेले स्वशासन

मुंबई : माजी मंत्री मधुकर पिचड यांचे ६ डिसेंबर २०२४ रोजी नाशिक येथे वयाच्या ८३व्या वर्षी निधन झाले. अकोले पंचायत समितीचे सभापतिपद, १९८० ते २०१४ या काळात सलग सात वेळा आमदारकी, आदिवासी विकासमंत्रिपद आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद असा त्यांचा प्रवास होता. सत्तेत राहून आदिवासी नेत्याला काय साधता येते आणि काय साधत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात.

त्यांच्या नावावर ठोस कामगिरी आहे. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी, ते आदिवासी विकासमंत्री असताना, सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, निधी राखून ठेवण्याचे धोरण आले. त्या निधीचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडे सोपवण्यात आले.

त्याच पदाची मर्यादा २३ नोव्हेंबर १९९४ रोजी उघड झाली. नागपूर येथे विधिमंडळावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ जणांचा मृत्यू झाला. अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा. नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा मात्र पिचड यांनी दिला.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ओजिब्वे जमातीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथील मिल लॅक्स समूहाचा मुख्य कार्यकारी जमातीच्या मतदारांकडून निवडला जातो. समूहाचे विधिमंडळ आणि न्यायालयही स्वतंत्र आहे. १८३७च्या तहातील शिकार व मासेमारीच्या हक्कांसाठी हा समूह राज्य सरकारविरुद्ध लढला आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विजयी झाला. तेथील नेता शासनाच्या समोर बसतो. आपल्याकडील नेता शासनातच बसतो.

भारतात स्वशासनाची वाट १९९६च्या ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेकडे वळवली. महाराष्ट्राचे नियम मात्र मार्च २०१४ मध्ये, पिचड पुन्हा आदिवासी विकासमंत्री असताना आले. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट ‘पेसा’ ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय त्यानंतर, २०१५ मध्ये झाला. विभागाला मिळालेल्या अधिकाराचा अंश गावापर्यंत पोहोचण्यास दोन दशके लागली.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी धनगर आरक्षणाला विरोध आणि रखडलेली ‘पेसा’ भरती या प्रश्नांवर मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. घटनात्मक पदावरील आदिवासी नेत्याला आपल्याच सरकारचे लक्ष वेधण्यासाठी हा मार्ग पत्करावा लागला.

२८८ पैकी २५ राखीव मतदारसंघ आदिवासींना सभागृहात आवाज देतात. हा आवाज पक्षशिस्तीत अडकतो तेव्हा निर्णयाचे दुसरे स्थान ग्रामसभाच असू शकते. पिचड यांच्यानंतरच्या पिढीचे मूल्यमापन मंत्रिपदांच्या संख्येपेक्षा ग्रामसभेच्या हाती किती अधिकार दिले, यावर व्हायला हवे.