गावाची अर्धीच गोष्ट



मराठी शाळेत मुलांकडून 'आईबाबांचं गाव' या विषयावर चार ओळी लिहून घेतल्या. आंब्याची झाडं, विहिरीतलं पोहणं, आजीची चूल, सगळं गोड गोड आलं. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना तेवढंच सांगतो.

आम्हीही तेच केलं. आमचं बालपण लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, एका लहान गावात गेलं. लेकीला आम्ही येळवस रंगवून सांगत असू. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव रानात, कडब्याची कोप, भज्जी आणि गार आंबील! पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगायचं टाळत आलो. तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो.

आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. चारच्या सुमारास जमीन हलली. आम्ही अंगणात आजोबांजवळ बाजेवर होतो, म्हणून वाचलो. आजी घरात होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

जीव घेतला तो भिंतींनी. माळवदाची घरं उन्हाळ्यात गार, म्हणून त्यांचं केवढं कौतुक! पण रुंद दगडी भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या आणि वर मातीचं जड छत. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. वाळलेला चिखल दगडाला चिकटलेला दिसतो, पण सिमेंटसारखा घट्ट धरत नाही. १९९२ साली धक्के जाणवले होते, तरी आमचा भाग कमी धोक्याचाच समजला जात होता.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. घरं मजबूत, रस्ते सरळ, पण जुने बोळ गेले आणि शेजारी पांगले.

'मुलं घाबरतील' असं काही पालक म्हणतात. आपण राहतो कॅलिफोर्नियात. इथे मुलं शाळेत बाकाखाली बसून भूकंपाचा सराव करतात. असा सराव करून आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, तुमच्या शाळेत हे शिकवत होते का?" मग सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तिने एकच विचारलं, "पणजीचं नाव काय होतं?" इतक्या वर्षांत ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून आमचं मत असं की गाव सांगायचं तर पूर्ण सांगावं. दुष्काळ, वेगळे पाणवठे, बुडालेली घरं, ज्याचं जे असेल ते. उन्हाळ्यात अनेकांकडे आजी-आजोबा येतात. त्यांच्याजवळ तासभर बसा, फोनवर बोलणं टिपून ठेवा, आणि मुलांनाही शेजारी बसवा. येळवसही सांगा आणि ती पहाटही.