दातावर दात ठेवून

पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत दुपारी डोकावलं, तर पंख्यांच्या घरघरीखेरीज फारसं काही ऐकू येत नाही. टेबलांवर झुकलेल्या माना, समासात पेन्सिलीच्या खुणा, शेजारी निवलेला चहा. यातला एखादा चेहरा बाजूनं न्याहाळावा. ओठ मिटलेले असतात आणि कानाच्या खाली, गालाच्या कोपऱ्यात एक स्नायू मधूनच फुगतो, मग बसतो. तोंडात घास नाही, तरी दाढा एकमेकींवर टेकलेल्या आहेत. त्या मुलाला तसं विचारलं, तर तो साफ नाही म्हणेल. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो, त्याला ते ठाऊकच नसतं.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याची कहाणी अनेकदा इथून सुरू होते आणि सांगितली मात्र भलतीकडूनच जाते. मुलगा, किंवा अधिक वेळा मुलगी, कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाते. कानात काही सापडत नाही. मग डोकेदुखीच्या गोळ्या होतात. जांभई देताना कट्‌ असा आवाज येऊ लागतो, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, वडापावचा मोठा घास घेताना कळ येते, तेव्हा कुठे दंतवैद्याची पायरी चढली जाते. तिथे घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: दात वाकडे आहेत म्हणून होतंय का हे?

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत सेंट लुईसमधल्या जेम्स कॉस्टेन नावाच्या डॉक्टरांनी 1934 मध्ये मोजक्या रुग्णांवरून एक निबंध लिहिला. मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि कान दुखतो, असं त्यांचं म्हणणं. कॉस्टेन हे स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. पण त्यांच्या निबंधानं हे दुखणं दंतवैद्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलं. पुढची कित्येक वर्षं दात कानसून, त्यांची उंची वाढवून, तारा लावून 'चाव', म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, दुरुस्त करण्यात गेली. 1969 मध्ये डॅनियल लास्किन यांनी दोष दातांपेक्षा थकलेल्या स्नायूंचा आणि त्यांना थकवणाऱ्या ताणाचा आहे, असं मांडलं. वाद मिटला नाही, पण पारडं तेव्हापासून स्नायूंकडे झुकत गेलं.

सांधा मुळात विलक्षण आहे. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडलं, की तो हाताला लागतो. आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे घसरतो. मध्ये एक मऊ चकती असते आणि दोन्ही बाजूंच्या सांध्यांना एकमेकांना सांभाळूनच हलावं लागतं. चकती जागेवरून सरकून परत बसली की कट्‌ होतं. नुसता आवाज असेल, वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुधा काही करावं लागत नाही. आपलीच तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावली, तर तोंड पुरेसं उघडतंय असं समजायला हरकत नाही.

मग बिघडतं कशानं? अमेरिकेत चार ठिकाणी 18 ते 44 वयाच्या, जबडा न दुखणाऱ्या 2,737 माणसांचा पाठपुरावा करण्यात आला. वयाचा हा पट्टा विद्यापीठात शिकणाऱ्यांनाही कवेत घेतो. साधारण पावणेतीन वर्षांत त्यातल्या 260 जणांना हे दुखणं जडलं. कोणाला जडलं, यात ठळक दिसल्या त्या गोष्टी अशा: शरीरात इतरत्र आधीपासून असलेली दुखणी, दाढा आवळण्यासारख्या तोंडाच्या सवयी आणि झोप. झोपेचं तर असं, की दुखणं सुरू होण्याआधीच तिचा दर्जा घसरत गेलेला होता. जागरणाचे डोळे आरशात दिसतात, जबड्यावर त्यानं काय केलं ते दिसत नाही.

रात्री दात खाणाऱ्या मुलाच्या पोटात जंत झालेत, असं आपल्याकडे आजही घरोघरी म्हटलं जातं. झोपेच्या प्रयोगशाळांनी मात्र बोट दाखवलं ते मेंदूकडे: झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात, मग दाढा घासल्या जातात. पण खरी चपराक पुढे आहे. न्यूयॉर्कमध्ये जबड्याचे स्नायू दुखणाऱ्या 124 स्त्रिया आणि न दुखणाऱ्या 46 जणींची झोप रात्रभर यंत्रांवर नोंदवली. 2012 मध्ये निष्कर्ष आला: दात खाण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे घरच्यांना ऐकू येणारी करकर जितकी मोठी गुन्हेगार वाटते, तितकी ती नाही.

संशय जातो तो आवाज न करणाऱ्यावर. निरोगी माणसाच्या वरच्या-खालच्या दातांत विश्रांतीच्या वेळी दोन-चार मिलिमीटरची फट असते. जेवताना आणि गिळताना होणारा स्पर्श धरूनही दिवसभरात दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम वीस मिनिटं, असा जुना हिशेब आहे. अभ्यासिकेतला तो मुलगा हा कोटा नाश्त्याआधीच संपवत असेल! त्याला दाढा कडकडा आवळाव्याही लागत नाहीत. नुसत्या टेकवून ठेवल्या तरी स्नायू काम करत राहतो. अमेरिकेत काही थोड्या निरोगी स्वयंसेवकांना रोज वीसएक मिनिटं हलकेच दाढा आवळायला सांगितलं, तेव्हा त्यातल्या काहींचा जबडा खरोखर दुखू लागला. प्रयोग लहान होता, पण बोलका होता. राग आला की दात-ओठ खाल्ले जातात आणि भीती वाटली की दातखीळ बसते, हे मराठीला ठाऊक होतंच. एकाग्रतेतही तसंच काहीसं होतं, ते मात्र म्हणीत यायचं राहून गेलं.

इथे सावध राहायला हवं. विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत या विकाराचे आकडे कधी निम्म्यावर जातात आणि बातम्या भडक होतात. अशा पुष्कळ पाहण्या दंतवैद्यकाच्याच विद्यार्थ्यांवर होतात, कारण ते हाताशी असतात. शिवाय 1994 मध्ये ब्राझीलमध्ये तयार झालेली फोन्सेका प्रश्नावली बरीच लोकप्रिय आहे. तिच्यात दहा प्रश्न: 'हो'ला दहा गुण, 'कधीकधी'ला पाच. डोकं कधीकधी दुखतं, पाच. मान कधीकधी आखडते, पाच. स्वभाव ताण घेणारा आहे, दहा. झाले वीस आणि लागला 'सौम्य विकारा'चा शिक्का. जबड्याचा अजून उल्लेखही नाही! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात या चाळणीतून कोण सुटेल? प्रश्नावली चाळणी म्हणून ठीक आहे. तिला निदान मानून आख्खं वसतिगृह आजारी ठरवणं बरं नव्हे.

उलट चूकही होते. सगळं 'टेन्शन'वर ढकललं की खरे आजार निसटतात. सतराव्या वर्षानंतर अक्कलदाढ येते, तिच्याभोवतीची हिरडी सुजली की तोंड उघडत नाही. आणि महाराष्ट्रात आणखी एक कारण कायम डोक्यात ठेवावं लागतं. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीचे पदार्थ तरुणांच्या खिशात सापडतातच. सुपारीनं गालाची आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होत जाते, तिखट सोसवत नाही, तोंड कमी कमी उघडतं. हा सांध्याचा विकार नव्हे, कर्करोगाकडे जाऊ शकणारी वाट आहे. तिथे शेक आणि विश्रांती सांगून परत पाठवणं महागात पडतं.

ही कारणं वगळल्यावर जे उरतं, त्यात सगळ्यात जास्त राग यावा तो घाईच्या उपचारांचा. दात एकदा कानसले की परत येत नाहीत. अमेरिकेतल्या दंतसंशोधकांच्या संघटनेनं 2010 मध्येच म्हटलं आहे, की या दुखण्यावर आधी परत फिरवता येतील असेच साधे उपाय करावेत. तारा लावल्यानं हा विकार होतो किंवा बरा होतो, या दोन्ही समजुतींना भक्कम आधार नाही. असं असताना वीस वर्षांच्या मुलीला जबडा दुखतो म्हणून पूर्ण चाव बदलायचं अंदाजपत्रक देण्याआधी तिला चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? किती तास सलग बसतेस? झोपतेस कधी? दिवसाचा कितवा चहा? आणि आत्ता, या क्षणी, दात टेकलेले आहेत का?

शेवटच्या प्रश्नावर जपानमध्ये काम झालं आहे. दिवसा दात टेकवून ठेवण्याच्या सवयीला तिथल्या दंतवैद्यांनी वेगळं नाव दिलं आणि उपायही अगदी हलका सांगितला: नजर जाईल तिथे छोट्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठी दिसली की दात सुटे करायचे, खांदे सैल सोडायचे, श्वास सोडायचा. आपल्या अभ्यासिकांच्या भिंती सूचनांनी तशाही भरलेल्या असतात. 'मोबाईल सायलेंट ठेवा'च्या खाली 'दात सुटे ठेवा' एवढं लिहायला जागा नक्कीच आहे.