१२९ जणींचा हिशेब

ब्रिटनमध्ये पन्नास ते सत्तर या वयातल्या स्त्रियांना सरकारी आरोग्यसेवेकडून दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं येतं. १९८८पासून चालत आलेल्या या योजनेचा लाभ-हानीचा हिशेब मांडण्यासाठी सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती बसली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षं असं बोलावत राहिलं, तर त्यांतल्या ४३ जणींचा स्तनाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू टळतो. त्याच दहा हजारांतल्या १२९ जणींना मात्र असा कर्करोग झाल्याचं सांगितलं जातं, जो तपासणी झाली नसती तर त्यांना मरेपर्यंत कळलाही नसता. म्हणजे एक वाचते, तेव्हा तिघी विनाकारण कर्करोगाच्या रुग्ण होतात. वैद्यकात याला अतिनिदान म्हणतात.

या १२९ जणींचं पुढे काय होतं, ते नीट पाहिलं पाहिजे. शस्त्रक्रिया होते, कुणाचा स्तनाचा भाग जातो, कुणाचा पूर्ण स्तन. अनेकींना रेडिएशन घ्यावं लागतं, पाच-पाच वर्षं गोळ्या खाव्या लागतात. रोग परत येईल ही धास्ती तर जन्मभराची. आणि ज्या आजारासाठी हे सारं सोसायचं, तो त्यांना कधी भोवणारच नव्हता.

मॅमोग्राफीच्या प्रचारात ४३चा आकडा असतो, १२९चा नसतो. मॅमोग्राफीला थोतांड म्हणणारे १२९ सांगतात आणि ४३ गिळतात. माझा वाद या दोघांशीही आहे. पण पहिल्या पक्षाच्या हाती सरकार, रुग्णालयं आणि जाहिराती आहेत, म्हणून आधी त्याचं म्हणणं घेऊ.

तो पक्ष म्हणतो, कर्करोग तो कर्करोगच. निरुपद्रवी कर्करोग असेलच कसा? असतो. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की बाईचं आयुष्य संपतं तरी त्या हाताला लागत नाहीत. काही तर मुळीच वाढत नाहीत. शिवाय गाठ वाढणारी असली, तरी साठ-सत्तरीतली बाई हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने आधी जाऊ शकते. मॅमोग्राफीत सापडणाऱ्या दर चार-पाच निदानांतलं एक तर दुधाच्या नलिकेच्या आतच थांबलेल्या पेशींचं असतं. डॉक्टर त्याला डीसीआयएस म्हणतात. त्यातल्या काही पेशी पुढे पसरतात, बऱ्याच पसरत नाहीत, आणि कोणत्या पसरतील हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे सगळ्याच काढल्या जातात. तीन वर्षांतून एकदा घेतलेल्या फोटोत नेमक्या अशा संथ गाठीच जास्त सापडतात, कारण त्या वर्षानुवर्षं तिथेच असतात. सहा महिन्यांत फोफावणारी जीवघेणी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवते आणि तपासणीला चकवून जाते.

कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात चाळीस ते एकोणसाठ या वयातल्या जवळपास नव्वद हजार स्त्रिया होत्या. अर्ध्यांची पाच वर्षं दरवर्षी मॅमोग्राफी केली, अर्ध्यांची केली नाही. मॅमोग्राफीने कर्करोग फक्त लवकर सापडत असते, तर काही वर्षांनी दोन्ही गटांतली संख्या सारखी व्हायला हवी होती. मागे राहिलेल्या गटातल्या गाठीही यथावकाश हाताला लागल्याच असत्या. तसं झालं नाही. मॅमोग्राफीच्या गटात १०६ कर्करोग जास्तच राहिले. मॅमोग्राफीने पकडलेल्या पसरणाऱ्या प्रकारच्या कर्करोगांपैकी हे २२ टक्के होते. पंचवीस वर्षांनंतर त्या आजाराने झालेले मृत्यू मोजले, तर एका गटात ५००, दुसऱ्यात ५०५.

दुसरा युक्तिवाद ऐकायला अधिक पक्का वाटतो. तपासणीत रोग सापडलेल्या स्त्रिया निदानानंतर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, मग फायदा सिद्ध झाला नाही का? समजा, एका बाईला सहासष्टाव्या वर्षी गाठ लागली आणि सत्तराव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. ती पाच वर्षं जगली नाही. तीच गाठ बासष्टाव्या वर्षी मॅमोग्राफीत दिसली आणि मृत्यू त्याच दिवशी झाला, तरी नोंदीत ती आठ वर्षं जगली. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही; रुग्ण म्हणून काढलेली वर्षं तेवढी चारने वाढली. त्यात अतिनिदान झालेल्या स्त्रियांची भर घाला. त्या या रोगाने मरणारच नव्हत्या, तेव्हा त्यांच्यामुळे जगण्याचं प्रमाण चढतच जातं. खोटे रुग्ण जितके जास्त, तितकं यश मोठं दिसतं. जे डॉक्टर हा आकडा व्यासपीठावरून सांगतात, त्यांना संख्याशास्त्राचा हा पहिला धडा माहीत असायलाच हवा.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. तो असा की अतिनिदानाचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. स्वीडनमधल्या माल्मो इथल्या प्रयोगातून १० टक्के निघाले. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणीने सापडलेल्या कर्करोगांत सातातला एक, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. ब्लेयर आणि वेल्च या संशोधकांनी २०१२ साली अमेरिकेतल्या सगळ्याच स्तनकर्करोगांपैकी ३१ टक्के सांगितले. हा शेवटचा आकडा मला चढा वाटतो. तपासणी नसती तर कर्करोग किती वाढले असते, याच्या अंदाजावर तो उभा आहे आणि तो अंदाज थोडा हलवला की आकडाही हलतो. कॅनडाच्या प्रयोगावरही रेडिओलॉजिस्टांनी कडक टीका केली आहे. पण शून्य हा आकडा या गंभीर अभ्यासांपैकी एकातूनही निघालेला नाही. किती, यावर भांडण आहे. आहे की नाही, यावर नाही.

उरतो तो चौथा युक्तिवाद. तो क्वचितच उघडपणे केला जातो, पण बाकीच्या सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. हे सगळं सांगितलं तर बायका गोंधळतील, घाबरतील, तपासणीला येणारच नाहीत. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो. निरोगी बाई स्वतःहून दवाखान्यात आलेली नसते; तिला पत्र पाठवून बोलावलेलं असतं. जी आजारी नाही तिला बोलावणाऱ्यावर तर जास्त जबाबदारी येते. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं पत्रासोबत जे माहितीपत्रक जाई, त्यात अतिनिदानाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. अशा तपासणी केंद्रांच्या उभारणीत ज्यांचा स्वतःचा हात होता, ते शल्यविशारद मायकेल बॉम यांच्यासारख्यांनी त्यावर सतत आवाज उठवला. मार्मट समितीनंतर, २०१३ साली, एकामागे तीन हे प्रमाण अखेर त्या पत्रकात छापलं गेलं. तपासणीची योजना त्यामुळे कोसळली नाही. बायका पत्रक वाचतात, कुणी जाते, कुणी जात नाही. दोन्ही निर्णय शहाण्या माणसाचे असू शकतात.

आता दुसरा पक्ष. मॅमोग्राफी हा धंदा आहे, तिच्या वाटेला जाऊच नका, असं जे सांगतात, ते त्या ४३ जणींना वाऱ्यावर सोडतात. जुन्या प्रयोगांचा एकत्रित विचार करून मार्मट समितीने बोलावलेल्या स्त्रियांमधले मृत्यू २० टक्क्यांनी घटतात असं मानलं. आज उपचार सुधारल्यामुळे ही घट कमी असेल, पण ती नाही असं म्हणायला आधार नाही. त्याहून घातक म्हणजे ही मंडळी दोन वेगळ्या गोष्टी एक करतात. काहीही त्रास नसताना केलेली तपासणी वेगळी. गाठ लागली, त्वचा ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, म्हणून केलेली मॅमोग्राफी वेगळी. या दुसऱ्या प्रसंगी अतिनिदानाचा मुद्दाच नाही. तिथे उशीर हाच शत्रू. हा लेख वाचून गाठ असलेली एकही बाई घरी थांबली, तर मी लिहिलेलं सगळं व्यर्थ आहे.

मग करायचं काय? ज्या डीसीआयएसमध्ये धोका कमी दिसतो, तिथे सरसकट शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवून राहण्याचा पर्याय अमेरिकेतल्या कॉमेट या प्रयोगाने तपासला. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या निकालानुसार दोन वर्षांत पसरणारा कर्करोग आढळण्याचं प्रमाण नेहमीचे उपचार नेमून दिलेल्या गटात ५.९ टक्के होतं आणि नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के. दोन वर्षं हा काळ थोडा आहे, पण दिशा योग्य आहे. पुढच्या वर्षांचे निकाल असेच आले, तर १२९मधल्या कित्येकींवरची शस्त्रक्रिया टळेल.

भारतात तर प्रश्नच निराळा आहे, आणि ब्रिटनची योजना उचलून इथे आणण्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईतच तयार झालेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर एक प्रयोग सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वीस वर्षांचा निकाल २०२१ साली मांडला. यंत्र नव्हतं. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेल्या रुग्णांचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासणीच्या गटात ३७ टक्के, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोन्ही गटांत सापडलेल्या कर्करोगांची संख्या जवळपास सारखीच होती. म्हणजे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू कमी झाले, आणि अतिनिदान झाल्याची खूणही नाही.

एवढं हाताशी असताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयातल्या स्त्रियांपैकी शंभरात एकीचीही स्तनतपासणी कधी झालेली आढळली नाही. दुसरीकडे ऑक्टोबर आला की शहराशहरांत गुलाबी फिती लावून मॅमोग्राफीच्या सवलती जाहीर होतात, तिशी-पस्तिशीच्या मुलींनाही बोलावलं जातं. या वयात स्तनाचा पोत घट्ट असल्याने फोटोत नीट दिसत नाही, खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतात आणि त्यांतल्या कित्येकींना नाहक बायॉप्सीला सामोरं जावं लागतं. चाळिशीच्या आतल्या, घराण्यात कर्करोग नसलेल्या निरोगी मुलींसाठीच्या या सवलती बंद व्हाव्यात. पन्नाशीपुढच्या बाईला मॅमोग्राफी करायची असेल, तर तिच्याकडून सही घेण्याआधी ४३ आणि १२९ हे दोन्ही आकडे ब्रिटनमधले आहेत हे सांगून, मराठीत, तिच्या हातात द्यावेत. शिबिरांवर खर्च होणारा पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला हाताने तपासणी शिकवण्यावर लागावा. आणि परिचारिकेच्या हाताला गाठ लागलेल्या बाईची बायॉप्सी जिल्हा रुग्णालयात पंधरा दिवसांच्या आत होईल, अहवाल मिळेल आणि उपचार सुरू होतील, याची हमी आरोग्य खात्याने लेखी द्यावी.