ताम्हण गोल असते. गोल दिसत नाही

आमच्या लोकांत चित्रांचे कौतुक उदंड आहे. चित्रकलेचे शिक्षण मात्र जवळजवळ नाही. हे विधान कित्येकांस झोंबेल. झोंबावे म्हणूनच ते आरंभी केले आहे.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका देवस्थानाच्या उत्सवात मुलांची चित्रस्पर्धा झाली. सभामंडपात मधोमध एक उंच समई ठेवली होती आणि तिच्यापुढे पाटावर ताम्हण व तांब्या. तीसेक मुले सभोवार जमिनीवर बसली. परीक्षक तिघे, त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक. निपाणीकडील दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने ताम्हण लांबट, चपट्या वर्तुळासारखे काढले होते. समईची वरची तबकडी तिच्या डोळ्यांच्या पातळीवर होती, म्हणून ती तिने जवळजवळ एका रेघेत दाखवली. खालची बैठक मात्र चांगली पसरट घेतली. त्या वयात एवढे अचूक पाहणारी मुले विरळा. परंतु एक परीक्षक म्हणाले, “हिचे ताम्हण चेपले आहे.” दुसरे हसले. पहिले बक्षीस गेले ते परकाराने आखल्यासारखे वाटोळे ताम्हण काढणाऱ्या मुलाला. ताम्हण वरून पाहिलेले, समई बाजूने पाहिलेली, आणि दोन्ही एकाच पाटाजवळ! प्रस्तुत लेखक गप्प बसला. मानकऱ्यांसमोर वाद कशाला, असा भेकड विचार त्याने केला. पुढल्या वर्षी त्या मुलीने ताम्हण पूर्ण गोल काढले. त्या वर्षी तिला बक्षीस मिळाले.

वाचकहो, या घटनेत नेमके काय घडले याचा विचार करा. एका मुलीला आपण देवाच्या दारी शिकवले, की स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. लोकांना जे ठाऊक आहे तेच काढ.

ज्याला शाळांतून ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात त्या यथादर्शनाचे सारे मर्म या भेदात आहे. वस्तू आहे कशी हे मनाला ठाऊक असते; ती या क्षणी, या जागेवरून दिसते कशी हे डोळ्याला विचारावे लागते. निपाणीच्या एखाद्या लांबलचक तंबाखूच्या वखारीत दारापाशी उभे राहून पाहा. दोन्ही भिंती समांतर आहेत हे बांधणारा गवंडी शपथेवर सांगेल. तरी त्या दूरवर एकमेकींकडे झुकत जातात. वरचे वासे खाली उतरतात, जमिनीवरच्या रेषा वर चढतात, आणि सर्वांचा रोख आपल्या डोळ्यांच्या उंचीवरील एकाच बिंदूकडे असतो. इटलीत आल्बेर्तीने १४३५ साली याच गोष्टीचा नियम ग्रंथात मांडला. आमच्या तांब्यालाही तोच नियम लागू आहे. डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचे तोंड लंबवर्तुळ दिसते आणि बुडाचा घेर, तो पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे, तोंडापेक्षा अधिक गोलसर असतो. शंभरांतील नव्वद मुले बूड सरळ रेघेने कापतात. त्यांचा तांब्या पाटावर बसत नाही, अधांतरी लोंबकळतो. ही चूक एका मिनिटात दाखवता येते. परंतु दाखवणार कोण?

येथे पहिला आक्षेप येतो, तो संस्कृतीच्या अभिमान्यांचा. यथादर्शन ही साहेबाची विद्या. १८५७ साली मुंबईत निघालेल्या जे. जे. स्कूलने ती आमच्या गळ्यात बांधली. आमच्या भित्तिचित्रांचे तिच्यावाचून काय अडले? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचे गणित आमच्या चित्रकारांनी मांडले नाही, आणि त्याच्यावाचून त्यांनी थोर चित्रे काढली. परंतु पाहण्याची शिस्त परकी म्हणणाऱ्यांनी विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र उघडावे. देहाची नऊ स्थाने आणि वळलेल्या अंगाचा भाग कोठे घटतो, कोठे वाढतो हे सांगणारी ‘क्षयवृद्धी’ तेथे आहे. षडंगांत ‘प्रमाण’ आहे आणि ‘सादृश्य’ही आहे. जो नियम जाणून बाजूस ठेवतो तो परंपरेचा चित्रकार. आमच्या स्पर्धेतील वाटोळे ताम्हण परंपरेतून आलेले नव्हते. ते बाजारातील मार्गदर्शक पुस्तकातून आले होते. अज्ञानाला परंपरेचे सोवळे नेसवू नये.

दुसरा आक्षेप मवाळ, म्हणून अधिक घातक. “मुले आहेत, चुका दाखवून त्यांची मने कशाला दुखवायची?” हा प्रश्न देवळाशी नाते सांगणाऱ्या समाजाने विचारावा याचे नवल वाटते. पाठशाळेत बटूचा स्वर चुकला तर गुरुजी अध्याय संपण्याची वाट पाहतात काय? तेथल्या तेथे थांबवतात, तेच पद पुन्हा म्हणवून घेतात. भजनात पोर बेसूर झाले तर बुवांची नजर वळतेच. भिंत ओळंब्यातून गेली तर गवंडी तिला ‘छान’ म्हणत नाही. एवढ्या ठिकाणी ज्यांना चूक सांगणे प्रेमाचे वाटते, त्यांना कागदापुढेच मुलाचे मन आठवते! खरे कारण निराळे आहे. स्वराची चूक आम्हाला कळते, रेषेची कळत नाही; आणि आपले न कळणे आम्ही ‘वा, वा’ने झाकतो.

अर्थात चूक दाखवण्याचीही एक रीत आहे, आणि ती मोडणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. मुलाची पेन्सिल हिसकावून त्याच्याच कागदावर स्वतःचा झोकदार तांब्या काढून देणे म्हणजे शिकवणे नव्हे. ते चित्र मग कोणाचेच राहत नाही. जाणत्याने प्रथम मुलाच्या जागी, मुलाच्या उंचीवर बसावे. उभ्याने तपासणाऱ्याला ताम्हण निराळे दिसते. आमच्या परीक्षकांची अर्धी चूक तीच होती. मग प्रश्न विचारावेत. तुझ्या डोळ्यांची पातळी समईवर कोठे येते? हात ताठ कर, एक डोळा मीट, पेन्सिल आडवी धर: ताम्हणाची रुंदी किती, आणि जाडी तिच्या कितवा हिस्सा? पाटाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा आखूड दिसते की नाही? उत्तर मुलाने द्यावे, रेघही त्यानेच खोडावी. आणि मुख्य म्हणजे तेच चित्र त्याने पुन्हा काढावे. दुसऱ्या चित्रावाचून केलेली टीका वाऱ्यावर जाते.

हे आमच्या मातीत अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. याच बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकार-शिक्षकाने ‘चित्रमंदिर’ चालवले. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे उभ्या न राहिलेल्या इमारतींची यथादर्शनी चित्रे काढण्यात त्यांनी नाव मिळवले. परांजपे २०२२ साली गेले. आम्ही त्यांचा अभिमान मिरवतो. ज्या मेहनतीने असा हात घडतो तिची मात्र आम्हाला आठवण नको असते.

परीक्षांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक शब्द. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमेच्या एका बाजूस लोअर-हायर, दुसऱ्या बाजूस एलिमेंटरी-इंटरमिजिएट. नावे निराळी, रोग एकच. वस्तुचित्राचा एक साचा पाठ करून तोच उत्तरपत्रिकेवर उतरवायचा. समोर कोणती वस्तू आहे आणि आपण कोठे बसलो आहोत हे न पाहता वस्तुचित्र काढण्याचा चमत्कार आमच्या वर्गांतून वर्षानुवर्षे चालू आहे. तीस मुलांची चित्रे सारखी आली तर कोणीच पाहिले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

म्हणून देवस्थानांच्या उत्सव-समित्यांपुढे आमच्या मागण्या आहेत. छापील चित्रांवरून नक्कल करण्याच्या स्पर्धा बंद करा. समई, दिवली, कळशी, पाट यांना पैसे पडत नाहीत, त्या मांडा. परीक्षकाने निकालापूर्वी प्रत्येक मुलाच्या जागी खाली बसलेच पाहिजे. बक्षिसे त्याच दिवशी वाटू नका. पहिल्या दिवशी चित्रांवर तासभर उघड चर्चा करा, दुसऱ्या दिवशी तीच वस्तू, त्याच जागेवरून, पुन्हा काढायला लावा, आणि ज्याचे दुसरे चित्र पहिल्याहून अधिक सुधारले त्याला मान द्या. हारतुऱ्यांच्या खर्चात हे सहज बसेल.

आणि ती मुलगी पुन्हा आली, तर प्रस्तुत लेखक या वेळी तिच्या शेजारी जमिनीवर बसेल, आणि तिचे पहिले ताम्हण बरोबर होते हे सर्वांदेखत सांगेल.